फूट

राजाराम बंधाऱ्यावर पाणी वाचायची माझी नोकरी.
फूट आणि इंच. पावसाळ्यात तासाला एकदा.
शाई ओलीनं पसरते, म्हणून पेन्सिल.
एकोणीस वर्षांत आकड्यापलीकडं
मला कुणी काही विचारलं नव्हतं.

काल बोलावलं. निळ्या रेषेवर हरकती, सूचना.
मार्केट यार्डामागचं मंगल कार्यालय,
मे महिन्याचा पंखा, स्टेजवर शहराचा नकाशा,
नकाशामागं आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं.
'चि.' शाबूत होतं,
'सौ. कां.' मधलं 'कां.' गळून माईकपाशी पडलेलं.

मलगोंडा मगदूम पहिल्यांदा उठले :
"आमच्या आज्ज्यानं पूर बघितला, त्याच्या आज्ज्यानं बघितला.
तवा काय बैलगाड्या धूर सोडत हुत्या व्हय?"
हशा झाला. मीही हसलो.
आज्जाचं खरंच होतं. पूर तेव्हाही यायचा.
फक्त एक फूट चढायला तेव्हा त्याला अर्धा दिवस लागायचा,
जुन्या वह्या आहेत ऑफिसात, वाळवी लागलेल्या.
गेल्या खेपेला मी पेन्सिलीला टोक काढत होतो
तेवढ्यात आकडा जुना झाला.

मग अलमट्टी आली. अलमट्टी येणारच होती.
मग दरवाजे कुणी उघडले, कुणी उशिरा उघडले,
ओढ्यात भराव कुणी टाकला
(इथं पुढच्या रांगेतले दोघे चपला बघू लागले),
मग अमेरिका, मग चीन,
मग "वरच्याच्या मनात असलं तर आपण कोण?"

दस्तगीर मुजावर, शिरोलीला फाउंड्री, उभे राहून म्हणाले,
"भट्टी बंद करतो उद्या. साठ घरांची चूल कोण पेटवणार, तेवढं सांगा.
कोळसा काय करतो ते मला नका शिकवू,"
आणि खोकले. खोकला बराच वेळ चालला.

आम्रपाली मॅडमनी पडद्यावर एक रेघ दाखवली,
चाळीस वर्षांची, उजवीकडं चढत गेलेली.
मागून कुणीतरी ओरडलं,
"सरासरीत बुडत न्हाई कोण, बाई!"
त्यांनी चष्मा काढून पुसला.
"खरंय," म्हणाल्या. "सरासरीच्या वर जे येतं, त्यात बुडतात."
टाळ्या त्या ओरडणाऱ्यालाच मिळाल्या.

सुलाबाई कुंभार बोलल्या तेव्हा माईक बंद होता.
"कारण तुम्ही ठरवा सावकाश.
शाडूचे तीनशे गणपती गेले माझे, रंग द्यायच्या आधी.
औंदा माती कुठल्या माळ्यावर चढवू,
तेवढं आज सांगा. मला परत जायचंय."

कुणी सांगितलं नाही.
खुर्च्या दोन बाजूंना सरकल्या होत्या,
मधे वाट पडली होती, तिथून चहावाला पोरगा आला.
साहेब म्हणाले, "तुम्ही पाणी वाचता ना? बोला काहीतरी."

मी उठलो. घरून एक वाक्य पाठ करून आणलं होतं,
ते सोडून दुसरंच तोंडातून गेलं :
"साहेब, त्या रात्री तीनच्या वाचनाला
मी तीन इंच कमी लिहिले.
बॅटरी मारली, आकडा दिसला, खरा वाटला नाही.
इतकं चढेल कसं? पट्टी हलली असेल,
माझा डोळा लागला असेल.
खोडरबर होतं खिशात."

कप वाजत होते. "बरं बरं," साहेब म्हणाले,
आणि पुढचं नाव वाचलं.

सुलाबाई तेवढ्या वळल्या.
"कुठली रात्र?"
मी तारीख सांगितली.
त्या बोटांवर मोजत राहिल्या, ओठ हलवत,
मग म्हणाल्या, "त्या रात्री आम्ही थांबलो.
अजून वेळ हाय म्हणून."
आणि पदरानं बशी पुसून
त्यात चहा ओतला. प्यायल्या नाहीत.

संध्याकाळी बंधाऱ्यावर गेलो. काम नव्हतं.
पाणी पार खाली, म्हशी बसलेल्या,
वर त्रेचाळीसच्या खुणेला कुणीतरी
पोराचा धुतलेला शर्ट अडकवलेला.

अकरा फूट दोन इंच.
परत वाचलं.
अकरा फूट दोन इंच.